तब्येत ठीक आहे म्हणजे नक्की काय?

तब्येत कशी आहे असं विचारलं तर पंचविशीतला मुलगा म्हणेल एकदम मस्त, चार मजले चढलो तरी धाप लागत नाही. ऐंशीच्या आजी म्हणतील छान आहे, आंघोळ माझी मी करते. आणि बरीच वर्षं डायबेटीस असलेला माणूसपण म्हणेल मी ठणठणीत आहे, शुगर कंट्रोलमध्ये आहे, रोज कामावर जातो. मला तर तिघांचंही पटतं.

जागतिक आरोग्य संघटनेची 1948 पासूनची व्याख्या मात्र फार कडक आहे, नुसता आजार नसणं पुरेसं नाही, शरीर, मन आणि सामाजिक जीवन तिन्ही पूर्णपणे उत्तम हवं. या हिशोबाने गुडघा दुखणारा कुठलाही माणूस निरोगी नाही! म्हणूनच 2011 मध्ये माख्टेल्ड ह्यूबर या डच डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वेगळा विचार मांडला, की अडचण आली तरी जुळवून घेता येणं आणि स्वतःचं स्वतः सांभाळता येणं म्हणजे आरोग्य. मला हे जास्त माणसातलं वाटतं.

आता कुणी म्हणेल की रिपोर्ट काढा ना, लगेच कळेल. पण रिपोर्टवर ती नॉर्मल रेंज लिहिलेली असते ना, ती बहुतेक वेळा निरोगी लोकांचीच तपासणी करून मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे घेऊन ठरवलेली असते. म्हणजे धडधाकट असलेले 100 पैकी 5 जण मुळातच रेंजच्या बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 टेस्ट एकदम केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचापण एखादा तरी आकडा बाहेर जायची शक्यता जवळजवळ 64 टक्के होते, त्यामुळे एका आकड्याखाली रेघ दिसली की लगेच घाबरून रात्रभर नेटवर शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

उलट अगदी साधा प्रश्न, "तुमची तब्येत कशी आहे असं तुम्हाला वाटतं?", याच्या उत्तरात बरंच काही असतं. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी या संशोधकांनी 1997 मध्ये असे 27 अभ्यास एकत्र तपासले, त्यातल्या बहुतेकांत असं दिसलं की ज्यांनी "वाईट" म्हटलं त्यांचा पुढच्या काही वर्षांत मृत्यू व्हायचा धोका जास्त होता, वय आणि माहीत असलेले आजार हिशोबात धरले तरीही. याचं एक कारण असं असावं की रिपोर्ट एका सकाळचा असतो, पण झोप उडालीये, भूक कमी झालीये, मागच्या वर्षी हाच जिना सहज चढत होतो, हे सगळं माणूस आतून बघत असतो. आणि बाहेरून बघणारे चुकतात सुद्धा, 1999 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या निम्म्याहून जास्त लोकांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय असं सांगितलं होतं.

पण आतून सगळंच कळतं असंही नाही हं. ब्लड प्रेशर वर्षानुवर्षं वाढलेलं असतं, काहीच जाणवत नाही आणि आतल्या आत किडनी, डोळे, हृदयावर परिणाम होत राहतो. त्यातही 2017 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी हाय बीपीची मर्यादा 140/90 वरून 130/80 वर आणली आणि कोट्यवधी लोक अंगात काहीही न बदलता पेशंट झाले. तरीपण बीपी मोजून घ्याच, कारण ते मोजल्याशिवाय कळत नाही.