कोम्बाही नदीकाठची ७५६ माणसं: अमेरिकेच्या यादवीचा इतिहास पुन्हा का लिहिला जातोय

२ जून १८६३. साउथ कॅरोलिनातल्या कोम्बाही नदीतून पहाटे संघराज्याच्या, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांशी लढणाऱ्या उत्तरेच्या, सैन्याच्या बोटी वर निघाल्या होत्या. बोटीवर हॅरिएट टबमन होत्या. त्या स्वतः गुलामीतून निसटलेल्या, आणि आता सैन्यासाठी हेरगिरी करणाऱ्या. भोंगे वाजले तशी भातखाचरांतली माणसं कामं टाकून काठाकडे धावली. एका बाईने चुलीवरचा भात तसाच उचलून डोक्यावर घेतला होता, त्यातून वाफ निघत होती, ही आठवण टबमन यांनीच पुढे सांगितली. त्या एका मोहिमेत ७५६ माणसं गुलामीतून सुटली.

ही माणसं कोण होती, त्यांची नावं काय, नवरा-बायको कोण, लेकरं कोणाची? हे सविस्तर सांगणारा ग्रंथ यायला २०२४ उजाडलं. एडा फील्ड्स-ब्लॅक यांच्या ‘कॉम्बी’ या ग्रंथाला २०२५ मध्ये इतिहासाचं पुलित्झर मिळालं. त्यांचे एक पूर्वज या मोहिमेत सैनिक होते. ग्रंथाचा मोठा आधार आहे सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या फायली. हे दप्तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सरकारजवळच होतं.

त्या फायलींत काय असतं ते नीट समजून घ्यायला हवं. कृष्णवर्णीय सैनिक मेला की त्याच्या विधवेला पैसे मिळण्यासाठी लग्न सिद्ध करावं लागे. पण गुलामांच्या लग्नाला कायद्याने मान्यताच नव्हती, मग दाखला आणायचा कुठून? म्हणून साक्षी घेतल्या जात. शेजारीण सांगे, ही दोघं एकत्र राहत होती. सुईण सांगे, यांचं मूल माझ्या हातांवर जन्मलं. सोबत राबलेला माणूस सांगे, आम्ही एकाच मालकाचे होतो, त्याला अमक्या मळ्यावर विकलं. ज्यांना लिहायला-वाचायला शिकवणं अनेक दक्षिणी राज्यांत गुन्हा होता, त्यांचे शब्द असे कारकुनाच्या हातून कागदावर उतरले. खुद्द टबमन यांना १८९५ मध्ये महिना ८ डॉलर मंजूर झाले ते सैनिकाची विधवा म्हणून. काँग्रेसने ते २० डॉलर केले तेव्हा १८९९ साल आलं होतं.

मग हे दप्तर इतकी वर्षं बाजूला का पडलं? युद्ध हरलेल्यांनी त्याची गोष्ट सांगण्याचं काम मात्र जिंकलं, हे त्याचं मोठं कारण.

युद्ध कशासाठी, याबद्दल सुरुवातीला दक्षिणेत लपवाछपवी नव्हती. मार्च १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी भर सभेत सांगितलं, की कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आपल्या नव्या सरकारची कोनशिला आहे. पराभवानंतर भाषा पालटली. १८६६ मध्येच ‘लॉस्ट कॉज’, म्हणजे हरपलेलं ध्येय, हे शब्द शीर्षकात घेऊन रिचमंडच्या एका संपादकाचा ग्रंथ आला. लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती, गुलाम सुखी होते, दक्षिणेचे सेनापती ली म्हणजे संत, असं चित्र पुढे पक्कं होत गेलं. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या महिला संघटनेने चौकाचौकांत पुतळे उभारलेच, शाळेची पुस्तकंही सोडली नाहीत. दक्षिण गुलामगिरीसाठी लढली असं म्हणणारं पाठ्यपुस्तक नाकारा, अशी मार्गदर्शिका १९२० मध्ये संघटनेच्या एका माजी इतिहासप्रमुख बाईंनी छापली.

इथे आपल्या मराठी शब्दापाशी थोडं थांबावंसं वाटतं. ‘यादवी’ म्हटलं की मौसलपर्वातली भावाभावांची कत्तल आठवते. अमेरिकेनेही स्वतःला हेच चित्र दाखवलं. १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर दोन्ही बाजूंचे ५० हजारांहून जास्त म्हातारे सैनिक जमले, त्यांनी हात मिळवले, भाऊ भावांना भेटले म्हणून देश गहिवरला. पण ज्यांच्यामुळे युद्ध पेटलं ती जवळपास ४० लाख गुलाम माणसं, आणि त्यांच्यातून व उत्तरेतून सैन्यात भरती झालेले सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक या गहिवरात बसत नव्हते.

आपल्याकडे हे युद्ध कापसाच्या भावातून पोचलं. अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये तो ओसरला. पण जोतीराव फुल्यांनी त्यातलं मर्म ओळखलं होतं. १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून त्यांना जे दिसलं, ते अमेरिकेतल्या मुलांपासून पुढच्या दोन-तीन पिढ्या लपवलं गेलं.

विरोध झालाच नाही असं नाही. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवरच्या, म्हणजे दक्षिणेची राज्यं पुन्हा संघराज्यात घेऊन मुक्त झालेल्यांना हक्क देण्याच्या काळावरच्या, ग्रंथात मांडलं, की गुलामांनी मळे सोडून काम बंद केलं, तो एक प्रचंड संपच होता आणि त्याने युद्धाचं पारडं फिरवलं. शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळा-कॉलेजांतल्या पुस्तकांची झाडाझडती घेतली. इतिहासकारांच्या प्रमुख नियतकालिकाने या ग्रंथाचं साधं परीक्षणही छापलं नाही. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर वारं बदललं. १९७६ मध्ये मेरिलँड विद्यापीठात गुलामीतून सुटलेल्यांची पत्रं, अर्ज, जबान्या राष्ट्रीय दप्तरातून शोधून छापण्याचा प्रकल्प सुरू झाला. आजच्या ग्रंथांची पायवाट तिथून निघते, असं मला वाटतं.

ग्रंथांतला हा बदल रस्त्यावर यायला वेळ लागला आणि रक्तही सांडलं. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने नऊ कृष्णवर्णीयांना गोळ्या घातल्या. २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला लीच्या पुतळ्यावरून निघालेल्या मोर्चाच्या वेळी निदर्शकांवर गाडी घातली गेली, एका तरुणीचा जीव गेला. रिचमंडमध्ये १८९० पासून उभा असलेला लीचा पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला. कोम्बाहीच्या बोटी जिथून सुटल्या त्या ब्यूफर्ट गावात मात्र २०१७ मध्ये पुनर्रचनेच्या काळाचं राष्ट्रीय स्मारक झालं. ते होईपर्यंत त्या काळाला वाहिलेलं एकही राष्ट्रीय स्मारक देशात नव्हतं.

ओढाताण थांबलेली नाही. दक्षिणी सेनापतीच्या नावाचा फोर्ट ब्रॅग हा लष्करी तळ २०२३ मध्ये फोर्ट लिबर्टी झाला, आणि २०२५ मध्ये ब्रॅग आडनावाचाच दुसरा सैनिक शोधून जुनं नाव परत लावलं. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानांतल्या माहितीफलकांची तपासणी सुरू झाली.

कोम्बाही नदीवरून आज १७ क्रमांकाचा महामार्ग जातो. तिथल्या पुलाला हॅरिएट टबमन यांचं नाव आहे.