स्पिनिंग की बेटकास्टर? कायाकवरून मासेमारीसाठी रॉड आणि रीळ निवडताना

दुकानाच्या भिंतीला दहा-बारा रॉड टेकवून ठेवलेले असतात तेव्हा नव्या माणसाला ते सगळे एकाच आईची लेकरं वाटतात. सात फुटांची काळी दांडी, तिला कड्या, खाली फोमची मूठ. दुकानदार विचारतो, "स्पिनिंग देऊ की कास्टिंग?" आणि आपण किमतीच्या चिठ्ठीकडे बघून बोट दाखवतो. स्पिनिंगच्या रॉडवर बेटकास्टर, म्हणजे कास्टिंग रॉडचं रीळ चढवून पानशेतला आलेली दोन मुलं मी पाहिली आहेत. रीळ तिथे बसतं, घट्टही होतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. मासा लागून दांडी वाकली की मग दोरी दांडीला घासायला लागते, कारण त्या रॉडला कड्या कमी असतात आणि त्या खालच्या बाजूला राहायच्या हिशोबाने बसवलेल्या असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. मुठीपाशी बोट अडकवायला बंदुकीच्या चापासारखा आकडा असेल तर तो कास्टिंग रॉड. त्याच्या कड्या लहान असतात, रीळ वर बसतं आणि कड्याही वर तोंड करून असतात. आकडा नसेल आणि मुठीजवळची पहिली कडी चांगली मोठी असेल तर तो स्पिनिंग रॉड. त्याचं रीळ आणि कड्या दोन्ही खाली लोंबतात.

खरा फरक मात्र दोरी कशी सुटते यात आहे. संक्रांतीला पतंग उडवताना चक्री धरलेली प्रत्येकाला आठवत असेल. पतंग ओढतो, चक्री गरगर फिरते, मांजा सुटतो. पतंगाची ओढ अचानक थांबली तर चक्री थांबत नाही, तिच्या अंगात वेग असतो. मग मांजा तिच्याभोवतीच ढिला पडून गुंततो. बेटकास्टर म्हणजे ही चक्री. ल्युअर, म्हणजे नकली आमिष, जसं पुढे जातं तसा स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, स्वतःभोवती फिरतो. आता शिंप्याच्या दुकानातला दोऱ्याचा मोठा कोन आठवा. तो जागचा हलत नाही, दोरा त्याच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने उतरत जातो. स्पिनिंग रिळात नेमकं हेच होतं. स्पूल स्थिर, आणि बेल, म्हणजे दोरी अडवून धरणारी तार, उघडली की दोरी त्याच्या तोंडावरून सुटते. अशा स्थिर स्पूलच्या रिळाचं पेटंट १९०५ मध्ये इलिंगवर्थ नावाच्या इंग्रज माणसाने घेतलं आणि तो कापड गिरण्यांच्या धंद्यातलाच होता, हे मला फार आवडतं.

काठावर उभं राहून मासे धरणाऱ्याला हा फरक पसंतीचा वाटू शकतो. कायाकवर, म्हणजे पॅडलने चालवायच्या चिंचोळ्या होडीवर, तो पसंतीचा राहत नाही, कारण कायाक थांबत नाही.

मे महिन्यात पानशेतच्या मागच्या पाण्यात सकाळी आरसा असतो. दुपारकडे पश्चिमेकडून, घाटाच्या बाजूने वारा सुटतो. अशाच एका दुपारी मी वाऱ्याकडे तोंड करून बेटकास्टरने सात ग्रॅमचं ल्युअर टाकलं. हलकं ल्युअर वाऱ्यात मंदावलं, पण स्पूल पहिल्याच वेगाने फिरत राहिला. क्षणभर फर्र असा आवाज आला आणि स्पूलवर दोरीचा कापसासारखा फुगा उभा राहिला. पॅडल मांडीवर, दोन्ही हात गुंत्यात. एक वेढा ओढावा तर तो खालच्या दोन वेढ्यांखाली गेलेला. मी मान वर केली तेव्हा कायाक आडवी होऊन उतरलेल्या पाण्यात उघड्या पडलेल्या वठलेल्या झाडांपाशी पोचली होती आणि लाटा बाजूने येत होत्या. शेवटी दोरी कापली आणि पॅडल उचललं. काठावर असतो तर दगडावर बसून दहा मिनिटांत सोडवली असती.

असा बॅकलॅश, म्हणजे स्पूलवरचा गुंता, झालाच तर एक उपाय बहुतेक वेळा चालतो. अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून धरायचा, हँडल दोन-तीन वेळा फिरवायचं आणि मग दोरी ओढायची. दाबामुळे अडकलेले वेढे सरळ होतात. पण त्याआधी पॅडलचे दोन हात मारून मोकळ्या पाण्यात या, मग गुंत्याला हात लावा.

म्हणून पहिला सेट स्पिनिंगचा घ्या, असं मी अगदी ठामपणे सांगतो. २५०० किंवा ३००० आकाराचं रीळ, सहा फूट आठ इंच ते सात फुटांचा मीडियम रॉड. यात पाच ग्रॅमचं ल्युअरही चांगलं जातं, बसल्या जागेवरून कमरेच्या पातळीवर आडवं टाकता येतं, आणि वाऱ्याने ल्युअर मध्येच पाडलं तरी स्पूल उधळत नाही. हँडलही हवं त्या बाजूला बदलता येतं. बेटकास्टरचं हँडल बदलत नाही, डावं की उजवं हे विकत घेतानाच ठरवावं लागतं. उजव्या हाताने टाकणाऱ्याने कायाकवर डाव्या हँडलचं रीळ वापरावं. रॉड या हातातून त्या हातात घ्यायची वेळ येत नाही, आणि कायाकवर हात बदलताना पाण्यात गेलेली वस्तू परत मिळत नाही.

स्पिनिंगमध्येही गाठी पडतात, पण वेगळ्या कारणाने. बेल हँडल फिरवून बंद केली तर पहिला वेढा ढिला बसतो आणि पुढच्या कास्टला तोच बाकीची दोरी घेऊन बाहेर येतो. विणलेल्या दोरीत, म्हणजे ब्रेडमध्ये, ही गाठ सुटता सुटत नाही. बेल हाताने बंद करा, दोरी एकदा ताणा, मग गुंडाळा. आणि मासा ड्रॅग, म्हणजे जोराची ओढ लागली की स्पूल सरकू देणारा रिळातला ब्रेक, ओढून दोरी नेत असेल तर त्या वेळी हँडल फिरवू नका. स्पूल सरकत असताना फिरवलेला प्रत्येक वळसा दोरीला पीळ देतो. मासा थांबू द्या, रॉड वर उचला, खाली आणताना गुंडाळा.

मग बेटकास्टर घ्यायचाच नाही का? घ्यायचा, मरळीसाठी. मरळ जलपर्णीच्या कडेला, गवताच्या फटीत राहते आणि श्वास घ्यायला वर येते. तिच्यासाठी बेडकासारखं रबरी ल्युअर लागतं. ते दहा-पंधरा ग्रॅमचं असतं, म्हणजे बेटकास्टरला हवं तेवढं वजन. वहीच्या आकाराच्या फटीत ते उतरवायचं असतं. तिथे अंगठ्याचं मोल कळतं. ल्युअर हवेत असताना स्पूलवर अंगठा हलकेच टेकवत गेलात तर ते नेमकं हवं तिथे टपकतं. मरळीने धरलं की पुढचे दोन-तीन सेकंद महत्त्वाचे. ती गवतात शिरायच्या आत ओढून बाहेर आणावी लागते, आणि त्यासाठी ४० ते ५० पौंडांची ब्रेड, मीडियम हेवी किंवा हेवी रॉड आणि बेटकास्टरची सरळ ओढ हवी. फक्त पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे ल्युअर टाकू नका. खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात, ते गेले की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

रॉडबद्दल दोन गोष्टी कायाकमुळेच महत्त्वाच्या होतात. पहिली लांबी. मोठा मासा हमखास बोटीखाली घुसतो आणि दोरी तळाला घासते. तेव्हा हात लांब करून रॉडचं टोक कायाकच्या नाकाड्याच्या पुढून पलीकडे फिरवावं लागतं. सहा फुटांचा रॉड तिथवर पोचत नाही. आठ फुटांचा घेतला तर मासा जाळीत घेताना टोक डोक्यामागे जातं, आणि टोक सरळ आभाळाकडे करून मासा उचलायला गेलात की रॉड वरच्या भागात मोडतो. म्हणून सात फूट. दुसरी गोष्ट म्हणजे मुठीची मागची बाजू. ती लांब असेल तर प्रत्येक कास्टला लाईफ जॅकेटमध्ये अडकते. दुकानात स्टुलावर बसून, जॅकेट घालून हात फिरवून बघा. लोक बघतील, बघू द्यात.

मुठीच्या वर रॉडवर किती ग्रॅमचं ल्युअर चालेल ते छापलेलं असतं. बॉल बेअरिंगच्या आकड्यापेक्षा तो आकडा आधी वाचा. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. दोन्ही शब्द एकच आहेत असं समजून लोक चुकीचा रॉड घरी नेतात.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव हिश्शावर लावावा. २० पौंडांची दोरी म्हणजे साधारण नऊ किलो, तर ड्रॅग दोन-सव्वादोन किलोला सुटला पाहिजे. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावून हे घरीच मोजता येतं. काठावर लोक याहून घट्ट लावतात. कायाकवर गरज नसते, मासा ओढतो तेव्हा बोटही त्याच्यामागे जाते आणि तो बोट ओढूनच दमतो.

पुण्याच्या आसपास कुठेही कायाक उतरवण्याआधी पाटबंधारे खात्याची परवानगी आणि त्या पाण्यात मासेमारीचा हक्क असलेल्या मच्छीमार संस्थेची संमती घ्या. त्या संस्थेतल्या माणसांचं पोट त्याच पाण्यावर असतं. महसीर लागला तर पाण्यातच गळ काढून सोडा. त्याच्या टॉर खुद्री या जातीचं वर्णन साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये केलं, ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या नदीकाठी उभं राहून हे आठवलं की पोटात तुटतं.

बेटकास्टर शिकायचा असेल तर पाण्यावर शिकू नका. एखाद्या मोकळ्या मैदानावर सकाळी जा, दोरीला बिनगळाचं वजन बांधा. स्पूलची टेन्शन नॉब इतकी आवळा की बटण दाबल्यावर वजन सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. मग खुर्ची टाकून बसा आणि बसूनच कास्ट करा, आधी वाऱ्याच्या दिशेने, नंतर वाऱ्यासमोर. स्पूलचा वेग आवरणारे ब्रेक सुरुवातीला पूर्ण लावा आणि दर दिवशी एकेक घर कमी करत या. वाऱ्यासमोर ओळीने वीस कास्ट गुंता न होता गेले की तो रॉड कायाकवर न्या. तरीही स्पिनिंगचा सेट मागच्या होल्डरमध्ये असू द्या आणि दोन्ही रॉड दोरीने बोटीला बांधा.