‘काय झाडी, काय डोंगार’चं मूळ माणदेशात

घाटातला फोटो टाकला की खाली ‘काय झाडी, काय डोंगार’ येतंच. ‘कसं चाललंय?’ला ‘ओक्केमधी’ हे उत्तर तर आता पार नागपूरपर्यंत चालतं. एरवी अशा शब्दांचा माग लागत नाही, याचा मात्र लागतो. जून 2022 मध्ये शिवसेनेचे काही आमदार बंड करून एकनाथ शिंदे यांच्यासोबत सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. तिथल्या हॉटेलातून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ आणि ‘ओक्केमधी’ हे त्यातलंच. त्या बोलण्याची ऑडिओ क्लिप व्हायरल झाली. मग गाणी आली, रील आले.

मुंबई-पुण्यात लोक हसले ते उच्चारांना. माणदेशातल्या आटपाडीत किंवा दहिवडीत मात्र घरातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं. सांगोला सोलापूर जिल्ह्यात आहे खरं, पण माणदेश जिल्ह्यांच्या हद्दी मानत नाही. माणगंगा साताऱ्याच्या माण तालुक्यात उगम पावते, सांगलीच्या आटपाडीतून पुढं सांगोल्याला जाते, आणि या सगळ्या पट्ट्यात ‘हाटील’, ‘मधी’ हे रोजचंच बोलणं आहे. ‘डोंगार’मधला तो लांबवलेला ‘गा’ लिहून पुरता दाखवता येत नाही, ऐकावाच लागतो. आटपाडीचा म्हातारा तो सहज काढतो, नक्कल करणाऱ्यांना अजून जमलेला नाही.

आणि झाडीच का? हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उघडेबोडके माळ, बाभळी, मेंढरं. गुवाहाटीत त्याच्या तिप्पट तरी पाऊस पडतो. असल्या मुलखातल्या माणसाच्या तोंडून तिथं पहिला शब्द ‘झाडी’ निघावा, हे मला अगदी साहजिक वाटतं.

फोनवरून असं वर्णन सांगणंही इथलंच. खानापूर-आटपाडीतले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी कित्येक वर्षांपासून देशभर पांगलेत. परमुलखातल्या माणसाला गावाकडचे आधी विचारतात, ‘तिकडं कसं हाय?’ उत्तरात पाऊसपाणी येतं, डोंगर येतात, राहण्याजेवण्याची सोय येते. क्लिपमधला क्रमही साधारण तोच आहे.

2024 च्या निवडणुकीत पाटील सांगोल्यातून हरले, तरी वाक्य चालूच राहिलं. आता ते खड्ड्यांच्या फोटोखालीही टोमणा म्हणून येतं. आटपाडीकडं मात्र टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचलेल्या डाळिंबाच्या बागांचे फोटो टाकताना पोरं ते मनापासून लिहितात.