सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या आलेखांतून कलनशास्त्राचे अध्यापन (ग्रामीण विदर्भ)

सीमा (एखादी राशी जिच्याकडे सरकत जाते ती किंमत), अवकलन (बदलाचा वेग काढणे) आणि संकलन (बारीक भागांची बेरीज) या कलनशास्त्रातील (कॅल्क्युलसमधील) मूळ कल्पना सूत्रांआधी आकडेवारीच्या आलेखांवरून समजावण्याची पद्धत. तिच्यासाठी ‘आर’ ही आकडेमोड आणि आलेखांची संगणक प्रणाली सोयीची पडते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ती घडवली, १.० आवृत्ती २००० मध्ये आली. ती मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. रेंज येते-जाते अशा गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाला याचे मोल फार.

कलनशास्त्राशी गाठ पडते ती अकरावीत. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांसमोर विज्ञान शाखेत तेव्हाच इंग्रजी पुस्तकही येते. अशा वेळी ओळखीची आकडेवारी हाताशी हवी, आणि विदर्भातल्या कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात पावसाइतकी ओळखीची दुसरी नाही.

समजा, जूनमधल्या सात दिवसांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा: ०, १२, ३०, ३८, ०, ०, ५. ‘कमसम’ ही आज्ञा त्याची चढती बेरीज देते: ०, १२, ४२, ८०, ८०, ८०, ८५. झड लागली तिथे आलेख झपाट्याने चढतो, उघाड पडली की आडवा होतो. रेषेचा चढ म्हणजे पावसाचा वेग, हे इथे सांगावे लागत नाही. आता त्या बेरजेवर लगतच्या आकड्यांतला फरक काढणारी ‘डिफ’ ही आज्ञा चालवली की १२, ३०, ३८, ०, ०, ५ हे आकडे परत मिळतात. पहिला दिवस तेवढा गळतो. बेरीज आणि फरक एकमेकांना उलटवतात, हेच कलनशास्त्राच्या मूलभूत प्रमेयाचे बीज. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला याच आलेखावर आडव्या रेषांनी दाखवता येतो. ७५ ची रेषा ओलांडून वक्र आडवाच राहिला, तर दुबार पेरणीची धास्ती का वाटते तेही मुले चटकन सांगतात. एकूण पाऊस आणि पावसाचा वेग या दोन वेगळ्या राशी आहेत, हे इथे पक्के होते.

मात्र रोजची नोंद तुटक असते आणि अवकलज, म्हणजे अवकलनातून मिळणारा बदलाचा वेग, एका क्षणाचा असतो. म्हणून पुढचा धडा क्ष² च्या गुळगुळीत वक्रावर घ्यावा. क्ष = ३ पासून १ अंतरावरच्या बिंदूपर्यंतच्या छेदिकेचा (वक्रावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा) चढ ७, अंतर ०.१ केले की ६.१, ०.०१ केले की ६.०१. आलेख मोठा करत गेले की वक्र स्पर्शिकेत (त्या बिंदूपाशी वक्राला टेकणाऱ्या रेषेत) मिसळताना दिसतो; चढ ६ कडे जातो. पावसाच्या बिंदूंवरून सॉफ्टवेअरकडून असा गुळगुळीत वक्र ओढून घेणे मात्र टाळावे, कारण तो कोरड्या दिवशीही थोडा पाऊस दाखवू शकतो.

संगणक एकच असेल, तर मुलांनी आधी आलेखवहीत बिंदू मांडावेत, चढाचा अंदाज लिहावा आणि मग पडद्यावरच्या आलेखाशी ताडून पाहावा. दोन्ही आलेखांच्या अक्षांचे प्रमाण सारखे ठेवावे. नाहीतर तोच चढ एकीकडे उभा आणि दुसरीकडे सपाट भासतो.