तोंड मिटून बसलेली आई

माझ्या टाकीतली पिवळी मादी खायला येईना. दाणे टाकले की बाकीचे मासे तुटून पडायचे, ही दगडाआड. गळा फुगलेला. आजारी समजून मी तिला जाळीने पकडलं, वेगळ्या भांड्यात सोडलं, वर औषधही ओतलं. थोड्या वेळाने पाहतो तर तळाशी पिवळसर अंडी! बाई तोंडात पोरं घेऊन उपाशी बसली होती आणि मी घाबरवून ती थुंकायला लावली.

दुकानात हिला 'यलो लॅब' म्हणतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला हा सिक्लिड कुळातला मासा. मादी दगडावर अंडं घालते आणि लगेच वळून तोंडात घेते, नराला संधीही न देता. मग फलन होतं कुठे? तोंडातच. नराच्या पोटामागच्या पराला अंड्यांसारखे ठिपके असतात. मादी ते टिपायला जाते, तेवढ्यात नर शुक्राणू सोडतो. ठिपके म्हणजे नकली अंडी, हा विचार प्राणिशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली मांडला. सगळ्यांना तो पुरता पटलेला नाही. काहींच्या मते ठिपके दुसऱ्या नरांवर वचक बसवायलाही असतात. मला दोन्ही पटतं.

पुढे साधारण तीन आठवडे मादी अंडी तोंडात घोळवते. अंडी थोडीच, पण मोठी. बाहेर पडलेलं पिल्लू लगेच पोहतं, चुरलेलं खाद्य खातं. फक्त लपायला दगडांच्या फटी हव्यात, नाहीतर मोठे मासे गिळतात.

नाशिककरांची एक सोय आहे. काळ्या कातळातून आलेलं बोअरचं पाणी सहसा जड, पातेल्याला पांढरा थर धरणारं. मलावीचं पाणीही अल्कधर्मी, पीएच ७.७ ते ८.६. अ‍ॅमेझॉनच्या एंजल माशाला मऊ पाणी आवडतं, त्याच्यासाठी हे नको. नळाचं पाणी घ्याल तर आधी क्लोरीन काढा. थंडीत निफाडचा पारा बातम्यांत येऊ लागला की हीटर २५ अंशांवर लावायचा.

हेच कुळ गोदावरीतही आहे. बाजारातली चिलापी, म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतलीच. १९५२मध्ये भारतात आणलेली. तिची मादीही अंडी तोंडात सांभाळते, धोका दिसला की पिल्लं परत तोंडात घेते. तिची पिल्लं जास्त जगतात, यामागे हेही एक कारण. गोड्या पाण्यातले आपले बरेच मासे अंडी पाण्यात सोडून निघून जातात.

त्यानंतर माझी मादी पुन्हा गळा फुगवून दगडाआड गेली, तेव्हा मी जाळी माळ्यावर टाकली.