हॅरी ग्रेबची एकही लढत का दिसत नाही

अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा मुष्टियोद्धा हॅरी ग्रेब १९१३ ते १९२६ या काळात जवळपास ३०० व्यावसायिक लढती लढला. त्यातल्या ४५ तर १९१९ या एकाच वर्षातल्या. २३ मे १९२२ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने जीन टनीला १५ राउंड अक्षरशः झोडपून काढले. हाच टनी पुढे जॅक डेम्प्सीला हरवून हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड वजनगटाचा, जगज्जेता झाला आणि त्याला पुन्हा एकदा हरवले. अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत टनी हरला तो ग्रेबच्या हातून, आणि तोही फक्त त्या रात्री. ग्रेबच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती, तरी तो मिडलवेटचा, म्हणजे मधल्या वजनगटाचा, जगज्जेता झाला. इतक्या मोठ्या खेळाडूच्या एकाही लढतीची चित्रफीत आज पाहायला मिळत नाही. उरले आहे ते सरावाचे थोडेसे चित्रण: माजी मुष्टियोद्धा फिलाडेल्फिया जॅक ओब्रायनबरोबर हलकी ठोसेबाजी, थोडा हँडबॉल. जुन्या लढती शोधणाऱ्यांच्या यादीत ग्रेब–टनी ही लढत वर्षानुवर्षे सगळ्यात वर आहे.

जुन्या फिल्म कुजल्या, जळाल्या, म्हणून लढती हरवल्या, असे सांगितले जाते. ते खरेही आहे, पण ग्रेबच्या बाबतीत ते पुरेसे नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सिनेमा आणि मुष्टियुद्ध यांची जोडी अगदी सुरुवातीपासूनची. एडिसनच्या स्टुडिओत १८९४ सालीच लढती चित्रित होत होत्या. १७ मार्च १८९७ला नेवाडातल्या कार्सन सिटीत कॉर्बेट आणि फिट्झसिमन्स यांची लढत झाली, ती इनॉक रेक्टरने खास रुंद फिल्म वापरून पूर्ण टिपली. शंभर मिनिटांहून मोठा तो चित्रपट गावोगावी चालला आणि लढतीच्या तिकिटांपेक्षा तिच्या फिल्मवर जास्त पैसा मिळतो हे धंद्याला कळले. आज त्यातले काही तुकडेच शिल्लक आहेत. पैसा दिसताच नक्कलही आली. फिलाडेल्फियाच्या सिगमंड लुबिनने दोन माणसे उभी करून तीच लढत पुन्हा 'घडवली' आणि फिल्म विकली. म्हणूनच त्या काळातले एखादे रीळ सापडल्याची बातमी आली की जाणकार आधी विचारतात, रिंगमधली माणसे खरी आहेत का?

मग जॅक जॉन्सन आला. २६ डिसेंबर १९०८ला सिडनीत त्याने टॉमी बर्न्सला हरवले आणि हेवीवेटचा किताब पहिल्यांदाच कृष्णवर्णीय खेळाडूकडे गेला. १४व्या राउंडमध्ये पोलिसांनी लढत थांबवली, तेव्हा कॅमेराही थांबवला गेला. गोऱ्या जगज्जेत्याचा शेवट पडद्यावर दिसू नये, ही इच्छा तिथूनच दिसते. ४ जुलै १९१०ला रीनो इथे जॉन्सनने गोरा माजी जगज्जेता जिम जेफ्रिज याला लोळवले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या आणि माणसे मारली गेली. त्या लढतीच्या फिल्मवर गावोगावी बंदी आली. शेवटी ३१ जुलै १९१२ला अमेरिकी काँग्रेसने कायदाच केला: व्यावसायिक लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायच्या नाहीत, परदेशातून आणायच्याही नाहीत. टेनेसीचे प्रतिनिधी थेटस सिम्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. एका कृष्णवर्णीय विजेत्याचे चित्र लोकांपुढे येऊ नये म्हणून केलेला हा कायदा २८ वर्षे टिकला.

त्याची पहिली मोठी कसोटी लागली तीही जॉन्सनच्याच लढतीवर. ५ एप्रिल १९१५ला हवानात २६व्या राउंडमध्ये जेस विलार्डने त्याला पाडले. या वेळी गोरा जिंकला होता, आणि तरीही फिल्म अमेरिकेत आणता येईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, बंदी कायम राहिली. मग १९१६ साली न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, राउझेस पॉइंट इथे एक विलक्षण खटाटोप झाला. मूळ फिल्म कॅनडाच्या हद्दीत, कोरी फिल्म अमेरिकेच्या हद्दीत, आणि प्रकाशाच्या साहाय्याने एकीवरून दुसरीवर चित्रे उतरवायची. 'फिल्म सीमा ओलांडतच नाही, ओलांडतो तो फक्त प्रकाश', असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही.

चित्रीकरणावर बंदी नव्हती, हे मात्र लक्षात घ्यायला हवे. बंदी होती ती वाहतुकीवर. न्यूयॉर्कमध्ये टिपलेली लढत न्यूयॉर्क राज्यातच दाखवता येई. डेम्प्सीसारख्याचे नाव असेल तर हा धोका पत्करणे परवडे. १९२१च्या डेम्प्सी–कार्पेंतिए लढतीची फिल्म राज्याराज्यांत पोहोचली, लोकांनी दंड भरला आणि खेळ लावले. ग्रेबसारख्या मिडलवेटसाठी, तेही आठवड्या-दोन आठवड्यांनी रिंगमध्ये उतरणाऱ्यासाठी, एवढा खर्च कोण करणार? त्याची सगळी कारकीर्द त्या २८ वर्षांच्या आत सुरू होऊन संपली. शिवाय त्याच्या राज्यात, पेनसिल्व्हेनियात, त्याच्या अनेक लढती 'नो डिसिजन' होत्या: कुणी बाद झाला नाही तर अधिकृत निकालच नाही, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे लिहितील ते खरे. म्हणजे त्या लढतींचे चित्रही नाही आणि निकालही नाही. माझ्या मते कायद्याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो अशा खेळाडूंना, ज्यांच्यासाठी तो केलाच नव्हता.

फिल्म सापडली की काय बदलते, हे विलार्डच्या लढतीने दाखवले. आपण मुद्दाम हरलो, असे जॉन्सन पुढे सांगत राहिला. आडवा पडलेला जॉन्सन उन्हापासून हाताने डोळे झाकतो आहे, असे वाटणारे एक छायाचित्र पुरावा म्हणून फिरत राहिले. फिल्म हरवली असेच मानले जात होते. हँडबॉलचा विजेता आणि फिल्मसंग्राहक जिम जेकब्स याला १९६०च्या दशकात ती मिळाली. तिच्यात जॉन्सन जिंकण्यासाठी बराच वेळ जोरात लढताना दिसतो आणि मग थकत जातो. जेकब्सने बिल केटनबरोबर उभारलेला प्रचंड संग्रह १९९८ साली ईएसपीएनकडे गेला. जुन्या लढती आज पाहता येतात त्यात या दोघांचा वाटा फार मोठा आहे.

बाकी नाश नायट्रेट फिल्मने केला. १९५०च्या सुमारापर्यंत वापरात असलेली ही फिल्म पटकन पेट घेते आणि ठेवल्या जागी सडतही जाते. पुण्याने हे पाहिले आहे. जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि आपल्या जुन्या चित्रपटांची किती रिळे त्यात गेली.

१९४०मध्ये कायदा रद्द झाला. त्याच वर्षी शुगर रे रॉबिन्सन व्यावसायिक झाला, तरी त्याचे उमेदीचे वेल्टरवेटचे (मिडलवेटच्या खालच्या वजनगटाचे) दिवस जवळजवळ दिसतच नाहीत. टेलिव्हिजन पुरेसे आले नव्हते, आणि फिल्म अजूनही मोठ्या हेवीवेट लढतींसाठीच राखलेली असे. जेक लामोटाबरोबरच्या सहा लढतींपैकी पूर्ण पाहता येते ती १४ फेब्रुवारी १९५१ची शेवटची. आपण ज्याला सर्वश्रेष्ठ म्हणतो तो रॉबिन्सन पडद्यावर दिसतो तो तिशीजवळचा, मिडलवेटचा. जाणकारांच्या मते त्याचा वेग त्याआधी जास्त होता. टेलिव्हिजन आले तरी जपणूक आली नाही. ड्युमाँट वाहिनी नियमित लढती दाखवत असे, आणि तिचा संग्रह न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडवला गेला, अशी साक्ष अभिनेत्री ईडी ॲडम्सने १९९६ साली दिली होती.

ग्रेबचा शोध मात्र थांबलेला नाही. डिसेंबर १९१८मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांची मुष्टियुद्ध स्पर्धा झाली, त्यात अमेरिकी नौदलाकडून ग्रेब उतरला होता. तीन राउंडची छोटी लढत, पण सिम्स कायदा लंडनला लागू नव्हता. त्या काळच्या ब्रिटिश वृत्तपटांचे डबे पुन्हा तपासा, असे अभ्यासक म्हणतात ते त्याच आशेवर.