अमेरिकेत शिक्षकांना कर्जमाफी: आधी कर्ज कोणतं ते बघा

फोंड्यातल्या एका ओळखीच्या घरी जेवणाच्या टेबलावर बँकेची फाइल उघडून बसलो होतो. मुलगी अमेरिकेत बी.एड.सारखा कोर्स करतेय. "तिथे शाळेत लागली की कर्ज माफ" असं कुणा सल्लागाराने सांगितलं, म्हणून राहतं घर तारण ठेवून इथल्या बँकेतून कर्ज काढलेलं. मुलीच्या आईला मला सांगावं लागलं, की वयनी, हे कर्ज माफ होणार नाही. असं आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितोय.

'टीचर लोन फर्गिव्हनेस' ही माफी फक्त अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्जाला आहे: 'डायरेक्ट' किंवा जुनं 'स्टॅफर्ड' कर्ज. ही कर्जं तिथले नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मोजक्या इतर गटांनाच मिळतात. एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला मिळत नाहीत. आईवडिलांच्या नावावरचं 'पॅरेंट प्लस' आणि खासगी बँकांचं कर्जही यात बसत नाही. म्हणजे ही योजना तिथे स्थायिक झालेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांच्या कामाची.

माध्यमिक शाळेत गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्यांना, तसंच विशेष मुलांच्या शिक्षकांना १७,५०० डॉलरपर्यंत माफी मिळते. बाकीच्या पात्र शिक्षकांना ५,००० पर्यंत.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते पाच वर्षांच्या अटीवर. सलग पाच पूर्ण शैक्षणिक वर्षं, पूर्णवेळ, आणि तेही गरीब वस्तीतल्या मुलांच्या शाळेत. अशा शाळांची सरकारी यादी दरवर्षी निघते. नोकरी धरण्याआधी शाळेचं नाव त्यात शोधा आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. शाळा नंतर यादीतून गळली तरी त्याच शाळेतली तुमची पुढची वर्षं धरली जातात. शिक्षकाकडे पदवी आणि त्या राज्याचं पूर्ण प्रमाणपत्र हवं, तात्पुरता परवाना चालत नाही. कर्ज थकवलेलं असेल तर परतफेडीची नवी व्यवस्था मान्य करून घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

अर्ज पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच करायचा. फॉर्ममधला नोकरीचा भाग शाळेच्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्याकडून भरून, सही घेऊन, तो हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडे म्हणजे 'लोन सर्व्हिसर'कडे पाठवायचा. मधे शाळा बदलली असेल तर प्रत्येक शाळेचा दाखला वेगळा लागतो. नेमणूकपत्रं आणि प्रमाणपत्राच्या प्रती पहिल्या वर्षापासून एका फाइलीत ठेवलेल्या बऱ्या.

सार्वजनिक सेवेतल्यांना १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेलं कर्ज माफ करणारी दुसरी योजनाही आहे. मात्र सेवेची तीच पाच वर्षं दोन्हीकडे मोजत नाहीत. कर्ज मोठं असेल तर कोणती आधी घ्यायची याचा हिशेब कागदावर मांडूनच ठरवा.

फोंड्याच्या त्या घरी आता शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला सुरुवात केलीय. आपल्याकडच्या आयकराच्या जुन्या करपद्धतीत त्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, म्हणजे तेवढी रक्कम करपात्र उत्पन्नातून वगळली जाते. बँकेकडून व्याजाचा दाखला दरवर्षी मागून घ्यायचं काम मुलीच्या बाबांनी आपल्याकडे घेतलंय.